जिन्याखालची स्कूटर तुमच्या तक्त्यात अजून धावते आहे

प्रति,
देशोदेशींच्या वाहननोंदणी आणि सांख्यिकी कार्यालयांतील समस्त मोजणीदार

विषय : वाहनांच्या प्रकारवार आकड्यांबाबत

स. न. वि. वि.

आमच्या जिन्याखाली वडिलांची स्कूटर उभी आहे. दोन्ही चाकं जमिनीला टेकून चपटी झाली आहेत. सीटचं रेक्झिन फाटून आतला स्पंज उंदरांनी नेला, आणि किक पायाने दाबली की खाली जाते ती वर यायचं नाव घेत नाही. वडील गेले त्याच्याही दोन वर्षं आधी ती शेवटची सुरू झाली होती. विकावी तर कोणी घेत नाही आणि भंगारात द्यावी तर आईचा जीव होत नाही. त्यामुळे ती आहे तिथेच आहे.

तुमच्या तक्त्यात मात्र ती ठणठणीत आहे. दरवर्षी दुचाकींच्या रकान्यात तिचा एक आकडा पडतो. दर हजार माणसांमागे किती वाहनं, हे काढताना ती धरली जाते. रस्त्यावर एवढी गर्दी का, याचं उत्तर देणाऱ्या भाषणांत तिचाही वाटा असतो, आणि बिचारी गेल्या कित्येक वर्षांत जिन्याबाहेर पडलेली नाही.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. मी तुमच्याच तक्त्यांवर पोट भरणारा माणूस आहे. वाहतूक-आराखड्यांच्या अहवालांत आलेख घालणं हे माझं काम. तुम्ही आकडे देता, मी त्यांच्या रेघा काढतो आणि मग कोणीतरी त्या रेघांकडे बोट दाखवून उड्डाणपूल मागतो. तुमच्या रकान्यात काय भरलंय हे नीट समजलं नाही, तर पुढची सगळी उतरंड वाकडी चढते. म्हणून हे गाऱ्हाणं.

आधी कौतुक करतो, कारण ते मनापासून आहे. वाहनांचा प्रकारवार तक्ता ही मला समाजाची सर्वांत बोलकी कुंडली वाटते. भारताचाच घ्या. १९५१ साली देशभर मिळून नोंदलेली वाहनं होती जेमतेम ३ लाख ६ हजार. त्यातल्या १ लाख ५९ हजार मोटारी, जीपा आणि टॅक्स्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. मालवाहू गाड्या ८२ हजार. दुचाक्या किती? २७ हजार. शंभर वाहनांत नऊसुद्धा नाहीत. गाडी ही साहेबाची किंवा मालाची, सामान्य माणसाने पायी जावं, सायकलने जावं, नाहीतर बसची वाट बघावी, हे तो तक्ता एकही वाक्य न लिहिता सांगतो.

मग दर दहा वर्षांनी पान उलटत जा. १९६१ मध्ये दुचाक्या ८८ हजार, मोटारी ३ लाख १० हजार. १९७१ मध्ये ५ लाख ७६ हजार आणि ६ लाख ८२ हजार, म्हणजे अंतर भरत आलंय. १९८१ ला दुचाक्या २६ लाखांवर आणि मोटारी साडेअकरा लाखांच्या आसपास. सत्तरच्या दशकात कधीतरी दुचाकीने चारचाकीला मागे टाकलं, आणि त्यानंतर मागे वळून पाहिलं नाही. २०११ च्या मार्चअखेर एकूण १४ कोटी १८ लाख वाहनांत दुचाक्या होत्या १० कोटी १९ लाख, म्हणजे शंभरात बहात्तर. मोटारींचा वाटा निम्म्यावरून १३.६ टक्क्यांवर आला, आणि तरीही मोटारी दीड लाखावरून जवळजवळ दोन कोटींवर गेल्या.

इथेच पहिली पायरी घसरते. वाटा घटला म्हणजे संख्या घटली, असं वाचणारे मी भरल्या सभागृहात पाहिले आहेत. याच तक्त्यात बसचा वाटा १९५१ च्या ११.१ टक्क्यांवरून २०११ मध्ये १.१ टक्क्यावर आलेला दिसतो. ‘बघा, बस संपली’ असं त्यावर ठोकून दिलं जातं. बस ३४ हजारांवरून १६ लाखांवर गेल्या आहेत. बाकीचं ताट एवढं वाढलं की त्यांचा घास लहान दिसतो. शिवाय नगाला नग मोजायचा ही पद्धतच मुळात विचित्र. तुमच्या तक्त्यात पन्नास माणसं नेणारी बस म्हणजे एक, आणि पेट्रोलच्या थेंबावर चालणारी मोपेडही एकच. पण हा दोष तुमचा नाही, वाचणाऱ्यांचा. तुमच्या पदरात टाकायचे वेगळे आहेत.

तुमची वही ही जन्माची वही आहे. गाडी शोरूममधून निघाली की नोंद होणारच, कारण पाटीशिवाय ती रस्त्यावर येऊ शकत नाही. तिचा मृत्यू मात्र मालकाच्या मर्जीवर. गाडी मोडली, जळली, पुरात गेली, सुट्या भागांसाठी उघडून विकली, तर मालकाने आपणहून यावं, अर्ज करावा आणि नाव कमी करून घ्यावं अशी अपेक्षा. का यावं त्याने? पदरचा दिवस मोडून त्याला मिळतं काय? खासगी गाडीचा रस्ताकर जिथे सुरुवातीलाच एकरकमी घेतात, तिथे तर दरवर्षी आठवण करून देणारंही काही नसतं. वही फुगत राहते. जन्म चोख लिहिलेले आणि मृत्यू ऐच्छिक, अशा वहीवरून गावची लोकसंख्या काढली तर पणजोबासुद्धा मतदार निघतील.

ही फुगवटी केवढी असू शकते याचा अंदाज एकदा मी दोन तक्ते शेजारी ठेवून घेतला. भारताच्या २०११ च्या जनगणनेत घराघरांत विचारलं होतं की तुमच्याकडे स्कूटर, मोटरसायकल किंवा मोपेड आहे का. २१ टक्के घरांनी हो म्हटलं. घरं होती २४ कोटी ६७ लाख, म्हणजे दुचाकी असलेली घरं साधारण ५ कोटी १८ लाख. नोंदवहीतल्या दुचाक्या, वर सांगितल्याप्रमाणे, १० कोटी १९ लाख. म्हणजे दुचाकी असलेल्या प्रत्येक घरात सरासरी दोन हव्यात. काही घरांत दोन असतात, काहींत तीनही. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या नावावर असतात त्या वेगळ्या. तरी सरासरी दोन? मोटारींचंही तेच : घरं ४.७ टक्के, म्हणजे १ कोटी १६ लाखांच्या आसपास, आणि वहीत १ कोटी ९२ लाख. यात टॅक्स्या आणि कंपन्यांच्या गाड्या आल्या हे मान्य. पण उरलेल्या फरकाचा मोठा हिस्सा, माझ्या मते, जिन्याखाली उभा आहे.

‘माझ्या मते’ असं म्हणावं लागतं, हेच तर दुखणं. त्या जनगणनेत ‘आहे का’ एवढंच विचारलं, ‘किती आहेत’ विचारलं नाही. हो किंवा नाही. एका मोपेडवालं घर आणि दारात चार मोटरसायकली लावणारं घर एकाच खुणेत बसलं. ब्रिटनच्या जनगणनेत घराच्या वापराला किती गाड्या आणि व्हॅन आहेत ते आकड्यात लिहायला सांगतात, आणि कंपनीने दिलेली गाडी खासगी कामाला वापरता येत असेल तर तीही धरतात. प्रश्नात एक शब्द जास्तीचा, पण त्या एका शब्दावर घराघरांतला आणि नोंदवहीतला फरक जुळवता येतो.

मृत्यूची नोंद ठेवता येते, हेही तुमच्यातल्याच काहींनी दाखवलंय. ब्रिटनमध्ये १९९८ पासून मालकाला दोनच वाटा आहेत : गाडीचा कर भरा, नाहीतर ती रस्त्यावर नाही असं लेखी कळवा. गप्प बसण्याची सोय नाही. त्यामुळे तिथला ‘चालू परवान्याच्या गाड्या’ हा आकडा बऱ्यापैकी जिवंत असतो. सिंगापूरने १९९० मध्ये त्याच्याही पुढची तऱ्हा काढली. गाडी घेण्याआधी हक्काचं प्रमाणपत्र लिलावात मिळवायचं, त्याची मुदत दहा वर्षं, मुदत संपली की पुन्हा पैसे मोजा नाहीतर गाडी काढा. तिथे गाडी जन्माला येते तीच मृत्यूची तारीख घेऊन. हा उपाय सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. पण तिथल्या तक्त्यात भुतं नसतात, याचा मला हेवा वाटतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा शहाणा सगळ्यांनाच बोल लावतोय.

काही वर्षांपूर्वी एका अहवालासाठी मी युरोपातल्या मोटारींच्या रेघा काढत होतो. जर्मनीची रेघ सालोसाल सरळ चढत आलेली. २००७ च्या सुरुवातीला ४ कोटी ६६ लाख मोटारी. २००८ च्या सुरुवातीला ४ कोटी १२ लाख. एका वर्षात ५४ लाख मोटारी कमी! मी हरखलो. मोटारींच्या मायदेशात माणसं मोटारी सोडायला लागली, यापेक्षा सुरस गोष्ट कोणती? मी खाली परिच्छेदही लिहिला : इंधनाचे चढे भाव, म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, शहरांतली उत्तम रेल्वे. कारणं इतकी पटणारी होती की मला स्वतःलाच पटली.

अहवाल छपाईला जायच्या आदल्या दिवशी एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘मग त्या पन्नास लाख गाड्या गेल्या कुठे? एवढं भंगार ठेवलं कुठे त्यांनी?’

कुठेच गेल्या नव्हत्या. त्याआधी तिथे तात्पुरती नोंद थांबवलेल्या गाड्याही एकूण साठ्यात धरत होते. २००८ पासून त्या धरणं बंद केलं. गाड्या होत्या तिथेच होत्या, बदलली होती ती व्याख्या. ही गोष्ट तळटीपेत लिहिलेली होती, मी वाचलीच नव्हती. चूक माझी, शंभर टक्के. तरीही विचारतो : ज्या बदलाने रेघ ५४ लाखांनी कोसळते, तो तळटीपेत बारीक अक्षरात का? आकड्यांच्या ऐन मध्ये जाड आडवी रेघ का मारू नये, की याच्या वरचे आणि खालचे आकडे एकमेकांना जोडू नका? अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या तक्त्यांतही २००७ ला असाच सांधा आहे. तोवर ‘प्रवासी मोटारी’ आणि ‘इतर दोन आसांची, चार चाकांची वाहनं’ असे रकाने होते. नंतर पुढच्या आणि मागच्या आसांतल्या अंतरावरून, १२१ इंचांच्या आतली आणि त्याहून लांब, असे नवे रकाने आले. अर्ध्या एसयूव्ही या अंगणातून त्या अंगणात गेल्या. लांबलचक आलेख काढणारे अजूनही ते दोन तुकडे डिंकाने चिकटवताना दिसतात.

आणि आता मूळ मुद्द्याला येतो, ज्यासाठी हे एवढं लांबण लावलं. गाडीचा ‘प्रकार’ ठरवतं कोण?

तुम्हाला वाटतं तुम्ही ठरवता. मला वाटायचं कारखानदार ठरवतो, नाहीतर गिऱ्हाईक. इतकी वर्षं तक्ते चाळून माझं मत असं झालंय की प्रकार ठरवतो कर आणि कायदा. गाडी नंतर त्या साच्यात कोंबली जाते. फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीच्या त्या प्रसिद्ध छोट्या गाडीचं नावच ‘दोन घोडे’, आणि ते घोडे इंजिनाच्या ताकदीचे नसून कर आकारणीच्या इयत्तेचे होते.

अमेरिकेने युरोपशी कोंबड्यांच्या आयातीवरून भांडण काढलं आणि त्याच्या पोटी १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. साध्या मोटारीवर तेव्हा त्या मानाने किरकोळ होती. पुढे सुबारूने आपला छोटा पिकअप १९७८ च्या सुमारास तिकडे पाठवला, तो मागच्या हौद्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या वेल्ड करून. तोंड मागे, पाय हौद्यात. खुर्च्या आहेत म्हणजे माणसं बसणार, माणसं बसणार म्हणजे ती मोटार! फोर्डने २००९ नंतर तुर्कस्तानातून मालवाहू व्हॅन आणल्या, त्या मागे खिडक्या आणि बाकं लावून. बंदरावर जकात मोटारीची भरली, आणि जकातीची रेघ ओलांडल्यावर बाकं काढून टाकली. तो खटला कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर देऊन मिटवला. मला प्रश्न पडतो, ती व्हॅन बोटीतून उतरली तेव्हा कोणत्या रकान्यात होती आणि गोदामातून बाहेर पडली तेव्हा कोणत्या?

उलटी गंमतही आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधन वाचवण्याचा कायदा केला. मोटारींना कडक अट, ‘हलक्या ट्रक’ना सैल, कारण ट्रक शेतकऱ्याचा आणि गवंड्याचा. मग घरच्या गाड्याच ट्रक व्हायला लागल्या. पीटी क्रूझर नावाची बुटकी, गोलसर, जुन्या वळणाची गाडी आठवते? मागची सीट निघते आणि तळ सपाट होतो एवढ्यावर ती सरकारी हिशोबात ट्रक ठरली. आज त्या देशात नव्या विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांतल्या आठ कागदोपत्री हलके ट्रक आहेत. ‘अमेरिकन माणसाला ट्रकचं वेड’ असा मथळा वाचला की मला हसू येतं. वेड आहे, नाही कशाला म्हणू. पण ते कोणी वाढीला लावलं, हे मथळ्यात येत नाही.

ब्रिटनमध्ये रिलायंट कंपनीची तीनचाकी मोटार वर्षानुवर्षं चालली, कारण ती कराच्या हिशोबात मोटरसायकलच्या पंगतीला बसायची आणि मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता यायची. भारतात २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, ठरावीक इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादनशुल्क कमी झालं. दोन वर्षांच्या आत डिकीवाल्या गाड्यांच्या डिक्या मागून सुरीने कापल्यासारख्या आखूड निघायला लागल्या. ती कापलेली शेपूट गिऱ्हाइकाने मागितली नव्हती. मोजपट्टीने मागितली होती.

जपानची छोटी ‘केई’ गाडी तर मला सगळ्यांत छळते. रकान्याचं नाव सत्तर वर्षं तेच. पण १९५५ मध्ये त्या नावाखाली इंजिनाची मर्यादा होती ३६० सीसी, १९७६ मध्ये ५५० झाली, १९९० मध्ये ६६०. लांबी ३ मीटरवरून ३.४ मीटरवर गेली. म्हणजे जपानी माणूस सत्तर वर्षं छोट्या गाडीशी एकनिष्ठ राहिला म्हणावं, की छोटी गाडीच त्याच्याबरोबर मोठी होत गेली? तक्ता दोन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे देतो.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती खर्चाची नाही. तक्त्याच्या माथ्यावर रकान्याच्या नावाखाली दोन ओळी छापा : या प्रकारात कोणती गाडी बसते, आणि ही रेघ शेवटची कधी हलली. परिशिष्टात नको, वेगळ्या फाईलमध्ये नको. जिथे आकडा आहे तिथेच. औषधाच्या बाटलीवर जसं बाटलीवरच लिहितात तसं.

विजेच्या गाड्यांचं सध्या जे चाललंय त्याबद्दलही दोन शब्द, कारण तिथे रोज गोंधळ बघतो. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत ८८.९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. बातमी वाचणाऱ्याला वाटतं, तिथे आता पेट्रोलचा वास राहिला नसेल. त्याच वर्षी सप्टेंबरात रस्त्यावरच्या एकूण मोटारींत विजेच्या मोटारी पेट्रोलच्या पुढे गेल्या, आणि त्याही कशा, ७,५४,३०३ विरुद्ध ७,५३,९०५. चारशेसुद्धा नाही फरक. डिझेलच्या मोटारी तेव्हा दहा लाखांना टेकलेल्याच होत्या. नव्या विक्रीत दहातल्या नऊ, घरोघरच्या साठ्यात चारातली एक. नळाचं पाणी बदललं तरी हौद भरायला आणि रिकामा व्हायला आपला वेळ घेतो. तुम्ही दोन्ही आकडे देता, हे खरं. पण नळाचा आकडा दर महिन्याला गाजावाजा करून येतो आणि हौदाचा वर्षातून एकदा, मागच्या दाराने. गाडीचं वय धरून साठा दिला, म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या किती, पंधराच्या वरच्या किती, तर अर्धे गैरसमज जागच्या जागी मिटतील. वय तुमच्याकडे असतंच. जन्माची वही आहे ना!

राहता राहिली ती, जी तुमच्या वहीत शिरतच नाही.

सायकलला पाटी नाही, म्हणून ती वाहन नाही, असा तुमचा खाक्या. नेदरलँड्समध्ये माणसं १ कोटी ८० लाखांच्या आसपास आणि सायकली २ कोटी ३० लाख असं म्हणतात. ‘म्हणतात’ हा शब्द जाणूनबुजून वापरला, कारण जगातल्या सगळ्यांत सायकलवेड्या देशालासुद्धा आपल्या सायकली अंदाजानेच मोजाव्या लागतात. भारतात जनगणना विचारते म्हणून कळतं की २००१ मध्ये ४३.७ टक्के घरांत सायकल होती आणि २०११ मध्ये ४४.८ टक्के. त्याच दहा वर्षांत दुचाकी असलेली घरं ११.७ वरून २१ टक्क्यांवर गेली. दुचाकी आली की सायकल जाते, हे आपण किती सहज बोलून जातो! इथे तर दुचाकी जवळपास दुप्पट होऊनही सायकल टस की मस झाली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दोघी बरोबरीला आलेल्या दिसतात. सुमारे निम्म्या घरांत सायकल, सुमारे निम्म्या घरांत दुचाकी, आणि मोटार साडेसात टक्के घरांत. फक्त नोंदवही वाचणाऱ्या माणसाला या गोष्टीतली सायकल दिसणारच नाही. त्याच्या लेखी ती अस्तित्वातच नाही, आणि मग तिच्यासाठी रस्त्यात जागाही उरत नाही.

त्यात आता सायकल आणि स्कूटर यांच्यामधली जात जन्माला आली आहे. भारतात ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, २५० वॅटच्या आतली विजेची दुचाकी मोटारवाहनच धरत नाहीत. ना पाटी, ना नोंद. दिसायला स्कूटर, आवाज पंख्याचा, तक्त्यात शून्य. चीनने १९९९ मध्ये विजेच्या सायकलला ताशी २० किलोमीटर आणि ४० किलो वजनाची मर्यादा घातली, पण रस्त्यावरच्या बहुतेक सायकली तिच्यापेक्षा जड आणि वेगवान होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. २०१९ पासून नवी मर्यादा लागू झाली : ताशी २५ आणि ५५ किलो. त्यापुढची मोपेड किंवा मोटरसायकल. एका सकाळी लाखो माणसांच्या हातातलं हँडल तेच राहिलं आणि वाहनाचा प्रकार बदलला. येत्या वीस वर्षांत माणसं कशावरून कशावर गेली हे कोणी शोधायला बसलं, तर सगळ्यांत मोठी उडी याच न मोजलेल्या पट्टीत सापडेल असं मला वाटतं. तेव्हा हाताशी आकडे नसतील. गाडी दुकानातून बाहेर पडताना एक नग म्हणून तरी लिहा. पाटी नका देऊ, कर नका लावू, फक्त मोजा.

मालकी या शब्दावरही बोलण्यासारखं आहे, पण ते मी आवरतं घेतो. गाडी बापाच्या नावावर, चालवते मुलगी, हप्ता भरतो भाऊ आणि आरसी बुकावर बोजा बँकेचा. यातला मालक कोण, हे तुम्हीही सांगू शकणार नाही आणि मीही. पाहणीत ‘गाडी कोणाची’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात कोणी चालवली’ हा प्रश्न टाकून बघा. उत्तरं वेगळी येतील, पैजेवर सांगतो.

एवढं लिहिल्यावर मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. तुम्हाला मृत्यूची नोंद ठेवा म्हणून उपदेश करणाऱ्याच्या जिन्याखाली एक मयत बिनबोभाट पडून आहे. म्हणून गेल्या रविवारी आईशी बोललो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आरसा तेवढा काढून ठेव.’ डावीकडचा आरसा अजून शाबूत आहे. तो काढून ठेवला.

नोंदणी रद्द करायच्या अर्जाला चेसिस क्रमांकाची छाप लागते. कागदाची पट्टी लोखंडावर धरून वर पेन्सिल आडवी घासायची. गंज इतका चढला होता की आधी रॉकेलचा बोळा फिरवावा लागला. तिसऱ्या पट्टीवर आकडे उठले, शेवटचा तेवढा फिकट आला. सगळी कागदपत्रं जोडून अर्ज परवा दिला, पोच घेतली.

तेव्हा पुढच्या वर्षीच्या तक्त्यात दुचाकींच्या रकान्यातून एक वजा झालेला असायला हवा. मी बघणार आहे.

कळावे,
आपला,
तुमच्या तळटीपा आता न चुकता वाचणारा एक आलेखवाला